हार्डटॉपचं मागचं दार सारखं लटकतंय? दाराआधी चौकट मोजा

तक्रार ठरलेली असते. जुनी थार, मेजर किंवा जिप्सी. वर स्थानिक कारागिराकडून करून घेतलेला फायबरचा हार्डटॉप, म्हणजे कडक टप. मागे बाजूला उघडणारं एकसंध उंच दार आणि त्या दारावरच टांगलेली स्टेपनी. सुरुवातीला दार टक्कन लागतं. मग कुलपाच्या बाजूने खाली येऊ लागतं, हाताने उचलून लावावं लागतं. खडखड सुरू होते. गेवराई-माजलगावकडच्या एखाद्या पाणंद रस्त्यावरून गाडी आली की मागच्या सीटवर बोटाने नाव लिहिता येईल इतका फुफाटा बसलेला. मालक गॅरेजला जातो. तिथे बिजागरीखाली वॉशर घालतात, नवं रबर चिकटवतात, कडी जराशी खाली घेतात आणि दार पुन्हा लागू लागतं. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडल्या, की गाडी परत त्याच गॅरेजात.

इलाज टिकत नाही, कारण दुरुस्ती दाराची होते आणि दुखणं चौकटीत असतं. अशा गाडीत दाराच्या तोंडाचा खालचा अर्धा भाग पत्र्याच्या टबचा, म्हणजे गाडीच्या खालच्या बॉडीचा, आणि वरचा अर्धा फायबरचा. दोन्ही वस्तू वेगळ्या, त्यांचं वाकणं वेगळं, उन्हात फुगणं वेगळं, आणि दोघांना जोडायला कडेने मारलेले चार-सहा बोल्ट. या दोघांवर मिळून आपण एकच लांब दार टांगतो. आमच्या शेडमधला मिस्त्री अशी गाडी बघितली की एवढंच म्हणतो, "साहेब, दार काय करंल? चौकटच नाचायली."

ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या नव्या थारचा कंपनीचा हार्डटॉप जवळून बघा. तिथे मागची काच वर उघडते आणि खालचं दार बाजूला. काच टपावर टांगलेली, खालचं दार स्टेपनीसकट पत्र्याच्या बॉडीवर. दाराचं कुठलंही पान दोघांवर एकाच वेळी टांगलेलं नाही. आपण घरगुती डिझाइन करताना नेमकी हीच गोष्ट सोडून देतो आणि मग बिजागरीला दोष देतो.

आधी दुखणं कुठलं ते ओळखा

"दार नीट लागत नाही" या एका वाक्यात चार वेगळी दुखणी लपलेली असतात, आणि चारही एकाच वेळी असू शकतात. सकाळी छान लागणारं दार दुपारी घासत असेल, तर ते उन्हाचं काम. सपाट जागी ठीक, पण बांधावर एक चाक चढलं की उघडत नाही किंवा आपोआप सुटतं, तर चौकट पिळतेय. कुठेही, कधीही, फक्त कुलपाच्या बाजूनेच खाली येतंय, तर बिजागरी किंवा तिच्यावरचा भार. आणि दार अगदी बरोबर बसलंय तरी धूळ येतेय, तर रबराकडे आणि गाडीतल्या हवेच्या दाबाकडे बघायचं.

तपासणीला फार हत्यारं लागत नाहीत. गाडी सपाट फरशीवर उभी करा, दार उघडा आणि तोंडाचे दोन्ही कर्ण स्टीलच्या टेपने मोजा. कोपऱ्यावर खडूने खूण करून ठेवा, म्हणजे दुसऱ्या वेळी तिथूनच मोजता येईल. मग मागचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं पुढचं चाक वीतभर उंचीच्या मजबूत लाकडी ठोकळ्यांवर चढवा, उरलेल्या चाकांना अडण लावा, हँडब्रेक ओढा आणि पुन्हा मोजा. तोंड १२०० मिमी रुंद आणि ११०० मिमी उंच धरलं, तर वरचा काठ खालच्याच्या तुलनेत फक्त ६ मिमी बाजूला सरकला तरी दोन कर्णांत जवळजवळ ९ मिमीचा फरक पडतो. आयताचा समांतरभुज चौकोन झालेला असतो, आणि दार मात्र अजून आयतच असतं. सपाट जागेवरचं माप आणि ठोकळ्यावरचं माप यांत चार-पाच मिमीपेक्षा जास्त फरक आला, तर मी बिजागरीला हातसुद्धा लावत नाही. आधी चौकट.

दुसरी चाचणी बिजागरीची. दार हातभर उघडा, कुलपाच्या बाजूने खालून धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्या माणसाला वरच्या बिजागरीजवळ बोट ठेवायला सांगा. पिनमध्ये खेळ असेल तर तो बोटाला कळतो. पिन घट्ट असून बिजागरीचं पानच फायबरसकट हलत असेल, तर आतला बोल्ट सैल झालाय किंवा फायबर भोवताली चेचलंय. जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या चकचकीत थरावर, बिजागरीभोवती बारीक कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या, तर दुसरी शक्यता नक्की धरा.

तिसरी चाचणी बघून गिऱ्हाईक हसतं, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची तीच. पुरीला मळतात तशी घट्ट कणीक घ्या. दाराभोवतीचं रबर काढून टाका. ते जिथे बसतं त्या काठावर वीत-वीत अंतराने कणकेचे लिंबाएवढे गोळे लावा, प्रत्येकावर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा ठेवा, म्हणजे दाराला चिकटणार नाही. दार कडी लागेपर्यंत हळूच लावा, उघडा, आणि प्रत्येक गोळ्याची दबलेली जाडी व्हर्नियरने मोजून त्याच जागी पेन्सिलने लिहा. रबराला खरोखर किती जागा मिळतेय, याचा नकाशाच समोर येतो. अशा दारांवर वरच्या कोपऱ्यात १६, बिजागरीजवळ ५ आणि खाली १२ असे आकडे निघतात. असल्या फटीला कुठलंच रबर पुरत नाही. जिथे ५ आहे तिथे ते चेचून दाराला बाहेर ढकलतं आणि १६ च्या जागी ते टेकतच नाही.

चौकट स्वतःच्या पायावर उभी करा

पिळणाऱ्या गाडीत सगळ्यात आधी बॉडी आणि चेसिस यांच्यामधली रबरी बुशं बघा. जुन्या मेजर किंवा एमएम ५४० मध्ये ती इतकी दबलेली असतात की टब एका बाजूला चेसिसवरच टेकलेला असतो. ती न बदलता वर कितीही लोखंड लावलं तरी पिळवटणं वरच्या जोडावरच जाणार.

त्यानंतर मुख्य काम. दाराच्या तोंडाला चारही बाजूंनी बंद अशी लोखंडी कडं-चौकट करा आणि ती टबला जोडा, हार्डटॉपला नाही. ४० बाय २० मिमीचा, २ मिमी जाडीचा पाइप पुरतो. चारही कोपऱ्यांत आतून त्रिकोणी पट्टी हवीच, कारण पिळाला अडवतो तो कोपरा. नुसता लांब पाइप काही अडवत नाही. खालचा आडवा पाइप टबच्या मागच्या काठावर आणि दोन्ही उभे पाय टबच्या कोपऱ्यांवर, दर जोडाला किमान दोन १० मिमीचे ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट, आणि पत्र्याच्या मागे ४ मिमीची पट्टी. पत्र्याला सरळ वेल्डिंग करू नका. जुना टबचा पत्रा जळून पातळ होतो आणि वेल्डिंगच्या कडेनेच फाटतो. पोलादाचे कारखाने असलेलं जालना जवळ असल्यामुळे आपल्याकडे लोखंडाची वानवा नाही, पण पाइप घेताना तो जमिनीवर लोळवून सरळ आहे का बघा. वाकडा पाइप शिकंज्यात सरळ करून वेल्ड केला, तर शिकंजा सोडल्यावर तो परत आपल्या वळणावर जातो.

चौकट जमिनीवर बनवून मग गाडीवर बसवायची नाही. गाडीवरच शिकंजे लावून, आधी सगळीकडे टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून, दर टाक्यानंतर कर्ण बघत, आणि मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने पूर्ण करत जायचं. एका कोपऱ्यावर सलग वेल्डिंग केलं की तो कोपरा आत ओढला जातो आणि दोन-तीन मिमीचा घोळ तिथेच होतो.

हार्डटॉपचा मागचा काठ या चौकटीवर फक्त टेकवायचा. मध्ये किमान ३ मिमी जाडीचा पीयू सीलंटचा (सुकल्यावरही लवचिक राहणाऱ्या भरणाचा) थर, बोल्टची भोकं लांबट, आणि प्रत्येक बोल्टाभोवती फायबर चेचू नये म्हणून छोटी लोखंडी नळी व मोठा वॉशर. काही कारागीर इथे रेझिन आणि मॅट (काचतंतूंची चटई) लावून पक्कं करतात. दिसायला ते फार मजबूत दिसतं, पण पहिल्या उन्हाळ्यात तडा जातो तो तिथेच. थर मऊ आणि जाड असेल तर टब पिळला तरी टप त्याच्यावर सरकून जातो आणि चौकटीला त्याचं देणंघेणं राहत नाही.

आता सगळ्या बिजागऱ्या आणि कडीचा खिळा या लोखंडी चौकटीवर येतात. दाराचं एक किलोही वजन फायबरवर येत नाही. एवढं जमलं की पुढची बरीचशी भांडणं मिटतात.

बिजागरीची रेघ आणि तिरका टप

दुसरी नेहमीची अडचण आकाराची. टब खाली ओळंब्यात सरळ असतो आणि हार्डटॉपचा मागचा भाग बहुतेक वेळा पुढे झुकलेला, कारण तसा देखणा दिसतो. त्यामुळे उंच दाराला मधोमध मोड येतो. दोन बिजागऱ्या खालच्या सरळ भागावर आणि तिसरी वरच्या तिरक्या भागावर बसवली, तर तिघींच्या पिना एका रेषेत राहत नाहीत. दार उघडताना मध्येच आवळतं, जोर लावून उघडलं की कुठलीतरी एक बिजागरी वाकते, आणि नंतर ते कायमचं लटकतं. तिसरी बिजागरी "आधाराला" म्हणून नंतर जोडलेली दारं मला हमखास अशीच सापडतात.

नवा साचा करणार असाल तर मागचं तोंड सरळ उभं ठेवा. गाडी खोक्यासारखी दिसते, अशी कुरकुर होते. होऊ द्या. तयार तिरक्या टपावर काम करायचं असेल, तर बिजागरीच्या बाजूचा चौकटीचा पाय सरळ ओळंब्यात उभा करा आणि वरची बिजागरी त्या पायावर, मोडाच्या शक्य तितक्या जवळ, पण सरळ भागातच ठेवा. टाके मारण्याआधी सगळ्या बिजागऱ्यांच्या नळ्यांतून एकच सरळ चकचकीत बार ओवा. बार हाताने फिरतोय तोवरच टाके. अडला की थांबा. ओळंबा दोन दिशांनी लावा. रेघ पुढे-मागे किंवा डावी-उजवी झुकलेली असली की दार स्वतःहून उघडतं किंवा अंगावर येतं.

कुठल्या बाजूला बिजागरी, हा प्रश्नही विचारला जातो. आपण रस्त्याच्या डावीकडे गाडी थांबवतो, माल डाव्या बाजूने चढवतो, म्हणून हँडल डावीकडे आणि बिजागरी उजवीकडे सोयीची.

स्टेपनीचं गणित

मोठं मड टायर आणि लोखंडी रिम मिळून ३५ किलोच्या घरात जातात. पाइपच्या सांगाड्याचं, काचेचं दार २५ किलो धरा. एकूण ६० किलो, आणि त्याचा मध्य बिजागरीपासून ६०० मिमीवर. दोन बिजागऱ्यांत ४०० मिमी अंतर असेल तर वरची बिजागरी बाहेर ओढणारा जोर येतो ६० गुणिले ६०० भागिले ४००, म्हणजे ९० किलो. खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. हाच हिशोब ८०० मिमी अंतराने केला तर ४५. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात आदळल्यावर क्षणभर तिप्पट धरा. शिवाय स्टेपनी दाराच्या बाहेर लोंबते, तिचा मागे खेचणारा जोर वेगळा.

झिजेचंही तेच. वरच्या पिनमध्ये अर्धा मिमी खेळ आला, अंतर ४०० आणि दाराची रुंदी १२०० असेल, तर कुलपाच्या टोकाला दार दीड मिमी खाली येतं. अंतर दुप्पट करा, झुकणं निम्मं. म्हणून जाड बिजागरी शोधण्याआधी बिजागऱ्यांतलं अंतर वाढवा. ते फुकट मिळतं.

बिजागरी मात्र हार्डवेअरच्या दुकानातली लोखंडी कपाटाची नको आणि ट्रॉलीच्या फाळक्याचीही नको. फाळक्याची दणकट असते खरी, पण तिच्यात मुद्दाम खेळ ठेवलेला असतो. १४ किंवा १६ मिमीची पिन, आत पितळी किंवा गनमेटलचं बुश आणि ग्रीस निपल, एवढं एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्या. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीभोवती असे लेथ गल्लोगल्ली आहेत. लातूर, नांदेडलाही अडत नाही. ग्रीस जुनं बाहेर येईपर्यंत भरायचं. आत राहिलेलं ग्रीस आणि काळ्या मातीची धूळ मिळून पिनेला पॉलिश पेपरसारखं घासतात.

एक गोष्ट बहुतेक घरगुती दारांत नसतेच. दार लागल्यावर त्याचं वजन बिजागरीवर राहता कामा नये. कुलपाच्या बाजूला चौकटीवर नायलॉनचा उतरता टेकू लावा आणि दारावर त्याची जोडी. दार लागता लागता त्या उतारावर चढून एक-दीड मिमी वर उचललं जातं आणि तिथे टेकून बसतं. रस्त्यावरचे सगळे धक्के मग दोन्ही बाजूंना वाटले जातात. या टेकूशिवाय दार म्हणजे चालत्या गाडीत एका बाजूनेच लटकलेलं वजन. कडी ते फक्त बाहेर जाऊ देत नाही, पेलत नाही.

टायर ३१ इंचाच्या पुढचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्टेपनी दारावरून काढा. चेसिसला जोडलेल्या मागच्या बंपरवर वेगळा फिरता दांडा करा. दार उघडायला आधी दांडा बाजूला घ्यावा लागतो, पावसात वैताग येतो, हे मान्य. पण दार हलकं राहतं आणि फायबरच्या वाटेला काही येत नाही.

ऊन आणि फायबर

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ वर जातो, आणि उन्हात उभ्या काळ्या टपाचा पृष्ठभाग त्याच्याही कितीतरी वर. सकाळ-दुपारचा फरक ४० अंशांचा धरला, तर १४०० मिमी लांबीत लोखंड साधारण ०.७ मिमी वाढतं आणि मॅटचं फायबर दीड मिमीच्या वर. म्हणजे दोघांत सुमारे १ मिमीची ओढाताण, रोज. लांबट भोकं आणि मऊ सीलंटचा आग्रह त्यासाठीच.

ओढाताणीपेक्षा मोठी गोष्ट रेझिनची. साधं, सर्वसाधारण वापराचं (जीपी) पॉलिस्टर रेझिन साठ-सत्तर अंशांच्या आसपास नरमू लागतं. भार असलेल्या जागी, म्हणजे मागच्या काठावर, ते हळूहळू कायमचं वाकतं. टप नवा करत असाल तर आयसोफ्थॅलिक रेझिन मागा. महाग पडतं, पण या हवेत ते लागतंच. रंग शक्य तितका फिका. आणि थर दोन्ही बाजूंनी सारखे. बाहेर जेलकोट, मागे नुसतेच मॅटचे थर आणि मध्ये काहीच नाही, असा काठ सुकताना एका बाजूला वळतो. घाईने साच्यातून काढलेला भागही वळतो. लाइट जाणार म्हणून हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) जास्त घालणारे कारागीर आहेत. १ ते २ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. घरी स्वतः करत असाल तर कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर कधीही सरळ एकमेकांत ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी.

धूळ: दार बरोबर, तरी फुफाटा

चौकोनी गाडी धावते तेव्हा तिच्या पाठीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते. चाकांनी उडवलेली धूळ तिथेच घुटमळते आणि गाडीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असेल तर प्रत्येक फटीतून आत ओढली जाते. बहुतेक लोक धूळ दिसली की काचा बंद करतात आणि एसी आतली हवा फिरवण्यावर टाकतात. त्याने बाहेरची हवा आत येणं थांबतं, आणि मागच्या फटींचं ओढणं तसंच राहतं. उलट करा. ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर, वेग दोन किंवा तीनवर, सगळ्या काचा बंद. समोरून आत आलेली हवा मागच्या फटींतून बाहेर ढकलली जाते आणि धुळीला आत यायला वाव राहत नाही. पुढच्या गाडीच्या अगदी मागे असाल तेव्हा अंतर वाढवा, एवढंच.

हे नुसत्या धुळीपुरतं नाही. जिथून फुफाटा आत येतो, तिथून सायलेन्सरचा धूरही येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. मागे मुलं बसत असतील तर सायलेन्सरचं तोंड दाराखाली न ठेवता चाकाच्या मागे बाजूला काढा. मागे बसणाऱ्याचं डोकं दुखतं, मळमळतं, अशी तक्रार असेल तर नवं रबर बसेपर्यंत काचा उघड्या ठेवून चालवा आणि दाराचं काम पुढे ढकलू नका.

फट शोधायला उदबत्ती पुरे. गाडी उभी, ब्लोअर पूर्ण, बाहेरची हवा, काचा बंद. बाहेरून दाराच्या कडेने उदबत्ती फिरवा. जिथे धूर झटक्याने लांब ढकलला जातो, तिथे फट. दाराबरोबर टेललॅम्पच्या मागची भोकं, वायरिंगची रबरं, टबच्या तळातली पाण्याची भोकं आणि टप-टबचा जोड हेही तपासा. दाराला शिव्या बसतात आणि धूळ टेललॅम्पमधून येत असते, असं कितीदा तरी होतं. आत धुळीचे पट्टे कुठून सुरू होतात ते बघितलं की दिशा कळते.

रबर पोकळ नळीचं, ईपीडीएमचं (ऊन-पाऊस सोसणाऱ्या जातीचं) घ्या. १५ मिमी उंचीची नळी साधारण एक तृतीयांश दाबली गेली पाहिजे, म्हणजे कणकेच्या चाचणीत सगळीकडे ९ ते ११ मिमी यायला हवं. त्यात न बसणाऱ्या जागी रबर बदलत बसू नका, चौकटीचा काठ पट्टी लावून वर आणा किंवा घासून खाली घ्या. चौकटीचे कोपरे गोल ठेवा. ९० अंशांच्या टोकदार कोपऱ्यात नळी मोडते आणि तिथे कायमची चुणी पडते. रबराचा सांधा वर किंवा कोपऱ्यात नको. खालच्या बाजूला मधोमध ठेवा.

नवं रबर लावल्यावर दार आपटल्याशिवाय लागत नसेल तर घाईने कडी सैल करू नका. एक काच दोन बोटं खाली करा आणि पुन्हा लावा. आता अलगद लागलं, तर अडवत होती ती आत कोंडलेली हवा. घट्ट टपाला हवा बाहेर सोडणारी, पण आत न घेणारी रबरी पाकळीची झडप बाजूच्या पत्र्यात बसवली की काम भागतं. समृद्धी महामार्गावर वेगात शिट्टीसारखा आवाज येतो तो मात्र बहुधा वरच्या काठाचा. दाराचा बाहेरचा काठ टपाच्या पातळीच्या जरा आत घेतला की तो जातो.

पाणी, वायर, काच

पाण्याची तपासणी पाइपने, खालून वर. आधी खालचा काठ भिजवा, आतून बघा, मग कुलपाची बाजू, मग बिजागरी, शेवटी वरचा काठ. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. आतल्या काठावर खडूची पूड घासून ठेवली की पहिला थेंबसुद्धा रेघ ओढतो. दारावर पन्हळीची पट्टी हवी, दाराच्या पाइपला तळाला भोकं हवीत, आणि स्टेपनीच्या ब्रॅकेटच्या बोल्टांना सीलंट हवा. पावसाळ्यात दारातून येणारं बरंचसं पाणी या ब्रॅकेटमधून येतं.

डिफॉगर (काचेवरचं दव घालवणाऱ्या तारा) आणि वरच्या ब्रेकलाइटची वायर बिजागरीच्या बाजूनेच, रबरी नळीतून आणि ढील ठेवून न्या.

दार अडवणारा पट्टा विसरू नका. उतारावर किंवा वावटळीत मोकळं दार पूर्ण मागे आपटतं आणि एका आपटण्यात वरची बिजागरी वाकते. वर उघडणारी काच असेल तर गॅसच्या दांड्या अशा बसवा की काच बंद असताना बारीक दांडा खाली आणि जाड नळी वर राहील. आतलं तेल सीलवर राहतं, दांडी जास्त टिकते.

काचेऐवजी अ‍ॅक्रेलिक लावायचा मोह टाळा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या १०० व्या नियमानुसार सेफ्टी ग्लास किंवा प्रमाणित सेफ्टी ग्लेझिंग लागतं, मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. नंबर प्लेट आणि दिवे स्टेपनीआड गेले तर पहिल्याच नाक्यावर थांबवतील. एकूण बदलाबाबत मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय, आणि कलम १८२ए खाली परवानगीशिवाय केलेल्या दर बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून लोखंड कापण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा.

काम झाल्यावर सगळे बोल्ट आवळून प्रत्येकाच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा. पाचशे किलोमीटरनंतर रेघा बघा. जी तुटली तो बोल्ट फिरलाय. तो आवळा, त्या जागी नायलॉक (धक्क्यांनी सैल न होणारा) नट टाका आणि कर्ण पुन्हा एकदा मोजा, सपाटावर आणि ठोकळ्यावर दोन्ही. आकडे दाराच्या आतल्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दार हाती घेणाऱ्या मिस्त्रीला सुरुवात कुठून करायची ते विचारावं लागणार नाही.